तळवडेकरकाकांची उजवी नाकपुडी

तळवडेकरकाका जेवायच्या आधी नाकपुडी तपासायचे. रोज, दोन्ही वेळा, आणि कोणाच्याही देखत. पानावर भात वाढलेला, वरणाची वाफ निघतेय, काकू तुपाची बुधली घेऊन उभ्या, आणि काका घासून लख्ख केलेली स्टीलची वाटी पालथी करून नाकाखाली धरत आणि श्वास सोडत. वाटीच्या पाठीवर वाफेचे दोन ढग उमटत, एक डावा, एक उजवा. उजवा ढग मोठा असेल तर उजवी नाकपुडी सुरू, म्हणजे पोटातला अग्नी पेटलेला, म्हणजे जेवायला हरकत नाही. डावा मोठा निघाला तर अग्नी मंद. मग काका शांतपणे पाटावरून उठत, तिथेच फरशीवर डाव्या कुशीवर आडवे होत आणि उजवी उघडायची वाट बघत. पाच मिनिटं लागत, कधी दहा. तोवर काकूंनी वरण परत गॅसवर ठेवलेलं असे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते, आणि डोंबिवलीत असंच जेवतात अशी माझी समजूत झाली.

मी रोह्याची. सासरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून शीक, असं आईने बजावून पाठवलेलं, आणि मी आज्ञाधारक होते. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणते, आजी, तू आणि आज्ञाधारक? पण होते बाई. त्याच संध्याकाळी मी आमच्या यांच्या पानाशेजारी एक वाटी पालथी घातली. यांना वाटलं, खाली काहीतरी गोड झाकलंय. उचलून पाहिलं, खाली काही नाही. माझ्या माहेरचं व्रत असेल असं समजून बिचारे मुकाट्याने जेवले.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा तो सुमार. आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, दुमजली, मागच्या बाजूने सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. काकांचं दार आमच्या दाराला लागून. काका उंचीने बेताचे, अंगाने काटक आणि रोजच्या तीळतेलाने असे चकचकीत की अंधाऱ्या जिन्यात आधी त्यांची कोपरं दिसत, मग काका. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते टाइमकीपर होते. गेटावरून कोण किती वाजता आत आलं, कोण आजारी, कोणाची रजा खरी, कोणाची खोटी, हे सगळं त्यांच्या मस्टरात. आणि त्या मस्टरात अठरा वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावापुढे आजारपणाची एकही खूण नव्हती. एक दिवससुद्धा नाही.

कारखान्यांकडून वारा आला की आमच्याकडे कधी औषधाचा, कधी कुजक्या अंड्यांचा वास यायचा. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. काका मात्र पहाटे प्राणायामाला बसण्याआधी गॅलरीच्या कठड्यावर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहत. धूर घराकडे आला तर प्राणायाम रद्द, आणि त्या दिवशी ते काटकसरीने श्वास घेत. कसा घेत ते मला विचारू नका. मी एकदा करून पाहिलं आणि मोरीशी भिंत धरून उभी राहिले.

सकाळी सहाला ते तोंडात तिळाचं तेल धरायचे. गिळायचं नाही, थुंकायचं नाही, बोलायचा तर प्रश्नच नाही. पंधरा मिनिटं गाल फुगवून गॅलरीत फेऱ्या. याने म्हणे हिरड्या घट्ट राहतात आणि आवाज खणखणीत होतो. दूधवाला आणि पेपरवाला त्यांच्याशी खुणांनी बोलायला शिकले होते. मी नव्हते शिकले.

एका सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काका फेरी मारता मारता माझ्यासमोर थांबले आणि हातवारे करू लागले. दोन्ही तळवे पोटापाशी धरून हळूहळू वर नेले, मग बाहेरून गोल फिरवून खाली आणले. गाल फुगलेले, डोळे मोठे. मी ते पोट पाहिलं, तो गोल पाहिला. लग्नाला पाच महिने झालेले. बिल्डिंगमधल्या बायका आडून आडून तेच विचारत होत्या, पण वडीलधाऱ्या पुरुषाने असं खुणा करून विचारावं? मी लाजले. पदर सावरून म्हटलं, "अजून नाही हो, काका."

काकांनी मान जोरजोरात हलवली आणि तीच खूण दुप्पट मोठी करून दाखवली. मला वाटलं, जुळं होईल म्हणताहेत. मी म्हटलं, देवाच्या मनात असेल तसं. तेव्हा त्यांनी हताश होऊन माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केलं, आणि मला करपल्याचा वास आला. लिटरभर दूध शेगडीवर, ओट्यावर, ओट्याखालच्या पिठाच्या डब्यात. मी रडकुंडीला येऊन पुसत होते, तेव्हा काका मोरीत जाऊन, तेल थुंकून, चूळ भरून खिडकीशी आले आणि खरोखरच खणखणीत आवाजात म्हणाले, "सूनबाई, दूध उतू जातंय."

आधीच थुंकून का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. तर दोन मिनिटं बाकी होती म्हणाले.

त्या दोन मिनिटांचा मला इतका राग आला की मी सरळ काकूंकडे तक्रार घेऊन गेले. कुसुमकाकू मूळच्या सांगलीच्या, अंगाने भक्कम, हसणं सात घरं ऐकू जाईल असं. नवऱ्याच्या सगळ्या पथ्यांना मान देऊन स्वतः मात्र डब्याच्या मागे डबा लपवून चिवडा खायच्या. मेथी निवडत बसल्या होत्या. माझं ऐकून आधी पोटभर हसल्या, मग एकदम आवाज उतरवून बोलायला लागल्या. त्यांचे सासरे पन्नासाव्या वर्षी गेले. थोरले दीर एकोणपन्नासाव्या, मधले बावन्नाव्या. तिघंही चांगले धडधाकट. साधी सर्दी झाली, ताप आला आणि आठ दिवसांत आटोपलं.

"यांच्या घरात अठ्ठावन्न पाहिलेला पुरुष नाही गं," काकू म्हणाल्या. "यांनी ठरवलंय, रिटायर व्हायचं. शेवटच्या दिवशी आपल्या पायांनी गेटाबाहेर यायचं. म्हणून हे सगळं."

आणि मग मेथीची जुडी झटकत म्हणाल्या की तोवर त्यांनाही काकांशी धड भांडता येत नाही. काकूंनी आवाज चढवला की काकांचं पित्त चढतं. अठ्ठावन्न झाले की एक दिवस काढून मनसोक्त भांडणार होत्या. विषय सगळे लक्षात ठेवले होते.

काका तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. त्या दिवसापासून मला त्यांचं हसू येणं बंद झालं, असं आता लिहायला हवं. तसं काही झालं नाही. हसू येतच राहिलं, फक्त हसताना मी मनात त्यांचं वय मोजायला लागले.

आणि शिष्याही झाले. नुसती नाही, गुरूला घाबरवेल अशी. काका रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवत आणि सकाळी पीत. मला हे फार पटलं. इतकं पटलं की मी पुढचा विचार केला: नुसत्या पाण्याला तांब्याने एवढा गुण येतो, तर ताकाला किती येईल? आज वाटतं, त्या मुलीला हात धरून खाली बसवावं. पण तेव्हा बसवायला कोणी नव्हतं. मी आईने दिलेली तांब्याची कळशी काढली, ताक घुसळून भरलं, वर हिंग-जिरं लावलं आणि रात्रभर झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी रविवार. ताकावर हिरवट झाक आली होती. मी समजले, गुण उतरला. यांनी एक घोट घेऊन सांगितलं की किल्ली चोखल्यासारखं लागतंय. मी म्हटलं, औषध कधी गोड लागतं का? आणि उरलेलं समोर उभं राहून प्यायला लावलं.

पुढचं सांगत नाही. सभ्य घरातले लोक वाचत असतील.

काकांनी येऊन कळशीत डोकावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आंबट तांब्यात ठेवलं की कळकतं, जवळजवळ विष होतं, हे त्यांच्या पिढीत लहान पोरालाही ठाऊक. मला वाटलं, आता हे काहीतरी उगाळतील, चाटण देतील. काका अनवाणी जिना उतरले आणि डॉक्टरांना रिक्षात घालून घेऊन आले. दुसऱ्यांच्या बाबतीत ते डॉक्टर, इंजेक्शन, सलाइन, सगळं मानत. आयुर्वेदाची सगळी सक्ती स्वतःपुरती. संध्याकाळपर्यंत यांच्या उशाशी बसून होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट स्वतःलाच दोष देत राहिले की मी अर्धंच सांगितलं, पाणी ठेवा म्हणालो, आंबट ठेवू नका म्हणायचं विसरलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मस्टरातल्या वळणदार अक्षरात लिहिलेला एक कागद आमच्या ओट्यावर चिकटला: "तांब्यात फक्त पाणी." आमच्याकडे येणारे पाहुणे तो कागद वाचून चहा कशात केलाय ते आधी विचारत.

माझ्या नणंदेचं लग्न ठाण्याला नौपाड्यात झालं. काका आमच्या सासऱ्यांचे मित्र, म्हणून पंगतीत मानाच्या पाटावर. रांगोळ्या घातलेल्या, पानं वाढलेली, सगळे हात जोडून बसलेले. काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली वाटी काढली. डावा ढग मोठा. झालं. काका व्याह्यांच्या आणि भटजींच्या मध्ये, दोन रांगोळ्यांमधल्या जागेत, डाव्या कुशीवर आडवे झाले, हात डोक्याखाली घेतला आणि डोळे मिटले.

मसालेभात घेऊन आलेला वाढपी जागीच थांबला. मुलाकडचे एक मामा ओरडले, फिट आली. कोणीतरी कोल्हापुरी चप्पल आणून काकांच्या नाकाला लावली, कोणी कांदा फोडून आणला. काका हलेनात. नाकपुडी उघडायची असेल तर हलायचं नसतं. आणि ते जितके हलेनात, तितकी लोकांची खात्री पटत गेली. माझे सासरे मांडवाच्या खांबाला धरून उभे, ओठ पांढरे. लेकीच्या लग्नात माणूस गेला, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. मी त्यांना समजावायला हवं होतं. मी काय केलं? मीही पदर डोळ्यांना लावला. मला सगळं ठाऊक असूनही, एवढे लोक घाबरलेत म्हणजे काहीतरी असेलच, असं वाटून.

बायकांच्या पंगतीत काकू वरणभात कालवत होत्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "जेवा तुम्ही," त्या सगळ्या मांडवाला म्हणाल्या. "ते उठतील."

मुलाकडच्या बायकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. सहा-सात मिनिटांनी काका उठून बसले, वाटी धरली, उजवा ढग बघून समाधान पावले आणि डाव्या-उजव्या शेजाऱ्यांना म्हणाले की सावकाश होऊ द्या. हात धुताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या चपलेने बराच फरक पडला.

काकांचं सत्तावन्नावं वर्ष आमच्या बिल्डिंगने मिळून काढलं. जिन्यात भेटलेला माणूस आधी काका कसे आहेत विचारायचा, मग पाणी आलं का ते. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होते आणि त्याच दिवशी नोकरीही संपणार होती. त्याच्या आधीच्या शनिवारी ते कामावरून आले, पाय धुतले आणि शिंकले.

शिंक साधीच होती. पण ती तळवडेकरांच्या घरातून आली होती. वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. मी हातातलं लाटणं घेऊनच गॅलरीत आले. इतक्या वर्षांत त्या घरातून आम्ही कोणी शिंक ऐकली नव्हती. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि रात्रीपर्यंत काकांच्या दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या.

इथे घोटाळा झाला. डावी सुरू असेल तर काय करावं, उजवी असेल तर काय, हे सगळं काकांच्या वहीत होतं. दोन्ही बंद असतील तर काय, हे त्यांच्या गावच्या वैद्यांनी कधी सांगितलं नव्हतं, किंवा वहीत उतरायचं राहून गेलं होतं. काकांनी वाटी धरली. वाटी कोरडी. डाव्या कुशीवर झोपले, उजव्या कुशीवर झोपले, उताणे झोपले. कोरडी. काका जेवले नाहीत.

रविवारीही नाही. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी छाती तपासली, जीभ पाहिली, पावसाळी सर्दी आहे, चार दिवसांत जाईल म्हणाले. फक्त पोटात काही जाऊ द्या, नाहीतर अशक्तपणाने पडाल. काकांनी नम्रपणे सांगितलं की नाकपुडी सुरू झाली की लगेच जेवीन. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? मी ओट्यावर तो कागद लावलेली बाई.

सोमवारी गोकुळाष्टमीची सुट्टी होती. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते, नुसत्या कोमट पाण्यावर. मधल्या दादाचंही शिंकेनेच सुरू झालं होतं, एवढं एकदा बोलले. मग वस्तू वाटायला लागले. खल कोणाला, वही कोणाला. तांब्याचा मोठा हंडा सूनबाईला. मी नको नको म्हटलं. अर्धं काकांसाठी आणि, खोटं कशाला बोलू, अर्धं हंड्यासाठी. आमचे हे दारात उभे होते. हंडा हा शब्द ऐकून ते मागे सरकलेले मी पाहिले.

मी स्वयंपाकघरात गेले तर काकू पेजेच्या पातेल्यासमोर पाठमोऱ्या उभ्या, खांदे हलताहेत. या बाईला मी सात वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.

"चार दिवस राहिलेत गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं जपलं मी याला. आणि हा माणूस सर्दीने नाही, उपाशी जाणार."

त्या क्षणी मला काही सुचलं, असं म्हणणं म्हणजे माझा फार मान ठेवणं झालं. माझ्या हाताला सुचलं. मी काकांची वाटी घेतली, पालथी करून डावा अर्धा भाग फडक्याने झाकला आणि उजवा अर्धा पेजेच्या वाफेवर धरला. चांगला गुबगुबीत ढग बसला. वाटी पदराखाली लपवून मी खोलीत गेले, काकांच्या नाकाशी धरली आणि म्हटलं, सोडा श्वास. त्यांनी तोंडानेच काहीतरी फुस्स केलं. मी वाटी त्यांच्यासमोर केली.

काका कोपरावर उठले. वाटी माझ्या हातातून घेतली. उजव्या बाजूला एवढा मोठा ढग की त्यातून एक थेंब ओघळत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, लहानपणापासून. मी पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"उजवी सुरू आहे," काका म्हणाले.

काकूंनी पेज आणली, वर तूप, शेजारी मेतकूट. काका उठून भिंतीला टेकून बसले आणि जेवले. पहिली वाटी सावकाश, दुसरी भराभर. तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना त्यांनी वर पाहिलं नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "वाटी गरम होती."

मी पेज वाढली.

"थोडं मीठ घाल," काका म्हणाले.

मंगळवारी ते कामावर जायला उठले आणि पायांत गोळे आले म्हणून परत बसले. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. मग आजारपणाच्या रजेचा अर्ज लिहायचं ठरलं. काकांनी असे हजारो अर्ज पाहिले होते, त्यातली कोणती पोटदुखी खरी आणि कोणती मावशी तिसऱ्यांदा वारली ते त्यांना वासावरून कळायचं, पण स्वतः लिहायची पहिलीच वेळ. नुसती सर्दी हे कारण त्यांना हलकं वाटत होतं. तासभर विचार करून त्यांनी लिहिलं, "दोन्ही नाकपुड्या बंद असल्यामुळे येऊ शकत नाही." पाकिटावर नाव आणि "रजेचा अर्ज" एवढं घातलं, आणि आमच्या यांनी ते जाता जाता गेटावर दिलं.

ते पाकीट कोणी उघडलंच नाही. तळवडेकर आणि रजेचा अर्ज हे शब्द वाचूनच सगळ्यांना काय ते कळलं. घरच्या लोकांना धीर होत नाहीये, म्हणून असं हळूहळू कळवताहेत, असं ठरलं. साडेअकराला आमच्या जिन्यात बरीच पावलं वाजली. काकू मोरीत होत्या म्हणून दार मी उघडलं. कारखान्याच्या निळ्या कपड्यातले सहा जण, चपला खालीच काढून आलेले. पुढच्या फोरमनच्या हातात भला मोठा हार.

त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं की कधी झालं. मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळी. अचानक? हो ना, एक शिंक आली आणि मग काही सुधरलंच नाही. सहाही जणांनी माना खाली घातल्या. मागचा एक डोळे पुसायला लागला. मला त्या लोकांचं इतकं कौतुक वाटलं, साध्या सर्दीसाठी केवढी माया. मी म्हटलं, आत आडवे आहेत, या ना, बघून घ्या. फोरमनने घसा साफ केला.

"नेणार केव्हा?"

"कुठे नेणार?" मी म्हटलं. "घरीच बरं वाटेल त्यांना."

आणि आतून शिंक आली.

हार खाली पडला. पाठोपाठ काका बाहेर आले, डोक्याला मफलर, अंगावर चादर. ते टाइमकीपर, एका नजरेत त्यांना कळलं की माणसं किती, कोणत्या खात्यातली, कोण ड्यूटी सोडून आलंय. मग त्यांची नजर हाराकडे गेली. तो तसला हार कशासाठी आणतात ते सगळ्यांना माहीत असतं. मी तर भिंतीत शिरायचंच बाकी ठेवलं होतं.

काका हळूहळू खुर्चीत बसले. चादर नीट केली. मान पुढे वाकवली.

"आणलाय तर घाला," ते म्हणाले.

फोरमनने हार उचलून घातला. काका शिंकले, पाकळ्या उडाल्या. मी चहा टाकला. चहा पिता पिता डोळे पुसणाऱ्याने कबूल केलं की तीन वेळा लेटमार्क लागल्यावर त्याने काकांना शाप दिला होता, आणि सकाळपासून त्याला तेच खात होतं. काका म्हणाले, तीन नाही, चार वेळा. शुक्रवारी भेटूच, असं म्हणून मंडळी गेली.

काकू मोरीतून आल्या आणि हार बघून किंचाळल्याच. आधी काढा तो, अभद्र. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"राहू दे. यायचं होतं ते येऊन गेलं. पान वाढ."

काकूंनी सवयीने पानाशेजारी वाटी पालथी घातली. काकांनी ती सरळ केली आणि आमटीसाठी पुढे धरली.

शुक्रवारी ते आपल्या पायांनी गेटाबाहेर आले. शनिवारी सकाळी मी गॅलरीत गेले तर काका कठड्याला धरून उभे, तोंड रिकामं, हात रिकामे. पुढचं काही ठरवलंच नव्हतं, असं म्हणाले. काकूंनी मात्र ठरवलं होतं. नऊला भांडायला सुरुवात केली त्या साडेअकराला थांबल्या. एकोणीसशे साठपासूनचे विषय निघाले. आम्ही सगळ्यांनी आपापल्या दारात बसून भाजी निवडली.

पुढे दोन वर्षांनी ते कल्याणला खाडीच्या बाजूला राहायला गेले. माझं जाणं-येणं कमी झालं. मुलीला चौथीची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर दाराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं, दोघं मैदानावर असतील.

मैदानाच्या मधोमध काकू पुडीतले शेंगदाणे खात उभ्या होत्या. आणि त्यांच्याभोवती, लेडीज सायकलवर, पँटीला कपड्यांचे चिमटे लावून, चौसष्ट वर्षांचे काका गोल फिरत होते. हँडल गदागदा हलत होतं. काकू सांगलीला शाळेत सायकलने जायच्या, त्याच शिकवत होत्या. मला म्हणाल्या की अठ्ठावन्नपर्यंत ज्याला ज्याला घाबरून राहिले ते सगळं यांनी आता एकेक करून काढलंय. रात्री दही खाऊन झालं. पंख्याखाली झोपून झालं. मागच्या वर्षी कोळ्यांच्या होडीतून खाडीत जाऊन आले, वाटेत ओकले आणि परत गेले. या महिन्यात सायकल.

काकांनी मला पाहिलं. चेहरा फुलला, पण हात उचलायची सोय नव्हती. मी पेढ्यांचा बॉक्स दाखवून त्यांना थांबायला सांगितलं. ते माझ्या शेजारून सरळ निघून गेले. पुढच्या फेरीला परत आले.

"थांबायचं अजून शिकवलेलं नाही हिने, सूनबाई," ते म्हणाले, आणि पुढे गेले.

मी काकूंना विचारलं, मग उतरणार कसे?

काकूंनी तळहातावरची सालं फुंकली. "दमले की पडतील," त्या म्हणाल्या. "कालपण पडलेले."

काका तोवर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले होते, आणि वळत होते.